बाबांच्या कमानी आणि ताईचा सर्व्हर

ताईला घाई करायला लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी तिची सख्खी धाकटी बहीण, कळायला लागल्यापासून प्रयत्न करतेय, आणि मी काही लेचीपेची नाही. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि घसा फोडून ओरडायचं, हा माझा रोजचा उद्योग. भलेभले माझ्यापुढे चळाचळा कापतात. ताई मात्र चहा गाळता गाळता म्हणते, "झालं तुझं? मग कप घे."

ताई कवळ्या बनवते. दाताचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतो, ही त्यात प्लॅस्टर ओतून जबडा काढते आणि त्या जबड्यावर बेतून कवळी घडवते. तिच्या लॅबमध्ये कपाटात ओळीनं पांढरे जबडे मांडलेले असतात, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. तिथे एकच कायदा: पहिल्या जबड्याला हात लावायचा नाही. आधी त्याची नक्कल काढायची. कापायचं, घासायचं, तापवायचं ते नकलेवर. नक्कल तुटली तर दुसरी काढता येते. पहिला जबडा तुटला तर त्या बिचाऱ्या पेशंटला पुन्हा आ करून बसायला बोलवावं लागतं. ताई नवीन कामाला लागली तेव्हा तिचे मालक या नकलांपायी वैतागून जायचे. "प्लॅस्टर काय झाडाला लागतं का?" म्हणायचे. मग हळूहळू अवघड कामं सगळी हिच्याच टेबलावर यायला लागली, आणि म्हातारपणी मालकांनी स्वतःची कवळी करून घेतली तीही हिच्याकडूनच. आता ती लॅब तीच चालवते.

असल्या बाईनं घरी गेमचा सर्व्हर चालवावा याचं कुणालाही नवल वाटेल. मलाही वाटलं होतं. त्याला कारण बाबा.

बाबा गवंडी. हयातभर भिंती उभ्या केल्या. मग एक दिवस झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं; राहिले ते 'हो', 'नको' असले सुटे शब्द आणि थोड्या शिव्या. शिव्या मात्र खणखणीत! डावा हात चालता ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यासाठी दिलेला रबरी चेंडू बाबांनी भिंतीवर फेकून मारला. तेव्हा आमच्या आतेभावानं फोनवरून सुचवलं, की त्यांना तो ठोकळ्यांचा गेम द्या. त्यात दगड, लाकूड, माती रचून वाटेल ते बांधता येतं, आणि लांबलांबच्या माणसांना एकाच जगात मिळून बांधता येतं.

ताईनं लॅबमधला जुना कॉम्प्युटर आणून चपलांच्या कपाटावर ठेवला आणि त्यावर सर्व्हर चालू केला. म्हणजे ते जग आमच्या घरातच राहणार आणि आम्ही ज्याला पत्ता देऊ तोच आत येणार. "एखाद्या कंपनीकडे का नाही ठेवत? डोक्याला ताप नको," मी म्हटलं. "त्यांनी उद्या दुकान बंद केलं तर बाबांच्या भिंती कुणाकडे मागू?" ती म्हणाली. 

त्या जगाला आम्ही गाव म्हणतो. आतेभावही लांबून येऊन त्यात अधूनमधून काहीबाही बांधतो. गावात बाबांच्या जोडीला सुतारकाका असतात. दोघांनी उमेदीची सगळी वर्षं एकत्र काम करण्यात घालवली. बाबांच्या भिंती, काकांची छपरं आणि दारं. आता काका दुसऱ्या शहरात लेकाकडे राहतात, गुडघ्यांनी घात केलाय, भेटणं होत नाही. म्हणून रोज संध्याकाळी दोघं कानाला हेडफोन लावून गावात जातात. काका अखंड बोलतात, बाबा हुंकार देतात आणि भिंत चढत जाते. बाबांच्या दिवसात जिवंत वाटावं असं तेवढंच राहिलंय. घरातलं कुणी हे बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

दोघांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे नदीकाठचा कमानींचा बाजार. खरं तर त्या गेममध्ये सगळं चौकोनी, गोल कमान नाहीच. पण कुणा हौशी माणसानं तयार कमानी, गोल खांब असले जादा तुकडे बनवून लोकांना दिलेत. अशा वरून जोडलेल्या भागाला मॉड म्हणतात. ताईनं तो मॉड जोडला, बाबांनी कमानी ओळीनं लावल्या, काकांनी वर छपरं घातली. त्याच मॉडचे गोल कठडे वापरून मीही गावाच्या टोकाला एक दीपगृह उभारलं. बाबा त्याच्याकडे बघून मान हलवतात, म्हणजे पडणार. पडेना का, माझं आहे!

तर झालं असं, की गेमचं नवं व्हर्जन आलं आणि बाबांच्या, काकांच्या कॉम्प्युटरनं ते आपोआप घेऊन टाकलं. सर्व्हर जुन्यावरच. संध्याकाळी बाबा बसले तर पडद्यावर एकच ओळ, व्हर्जन जुळत नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं, मग डावी मूठ टेबलावर आपटली. काकांचा फोन आला, "पोरी, दार उघड की! दोघं म्हातारे बाहेर ताटकळतोय." आतेभावाचा आला, "अगं, अपडेट दाबायला काय कष्ट पडतात?" मीही सुरात सूर मिसळला. काकांच्या कॉम्प्युटरवर जुनं व्हर्जन परत घालून देणारा लेक दौऱ्यावर होता, तेव्हा तीही वाट बंद.

"दाबायला काहीच कष्ट नाहीत," ताई म्हणाली. "पण नव्या व्हर्जननं गाव एकदा उघडलं, की ते आपल्या पद्धतीनं लिहून टाकतं. जुन्याला मग ते वाचता येत नाही. तिकडे काही मोडलं तर माघारी कशी येशील?"

 

दुसऱ्या दिवशी ताईला सुट्टी होती. ताईनं सगळ्यांना कळवून सर्व्हर नीट बंद केला, कारण चालू असताना नक्कल काढली तर अर्धवट लिहिलेलं उतरतं. मग गाव, सेटिंग, मॉड आणि सर्व्हरचं जुनं व्हर्जनसुद्धा, असं सगळं एका वेगळ्या डिस्कवर घेतलं. त्यावरही विश्वास नाही! तिथून गाव उघडून, त्यात फिरून पाहिलं आणि मगच डिस्क कपाटात ठेवली. "न उघडलेली नक्कल असून नसल्यासारखी," म्हणाली. मूळ गाव चपलांच्या कपाटावर जसंच्या तसं सोडलं, आणि आणखी एक नक्कल आपल्या लॅपटॉपवर घेऊन तिला नवं व्हर्जन लावलं.

घोडं अडलं ते मॉडपाशी. तो बनवणाऱ्यानं नव्या व्हर्जनसाठी अजून काहीच केलं नव्हतं. मॉड काढल्यावर गेमनं विचारलं, अनोळखी तुकडे पुसून टाकू का? "नकलेला हो म्हणायला काय जातंय?" असं म्हणून ताईनं हो दाबलं, आणि आम्ही दोघी बाजारात गेलो.

आई गं! बाजारात एक कमान उरली नव्हती. काकांची छपरं नुसती हवेत लटकत होती. माझ्या दीपगृहाचा कठडाही गायब.  हे मूळ गावाचं झालं असतं तर बाबांना कोणत्या तोंडानं सांगितलं असतं? ताईचा चेहरा मात्र शांत. "कळलं ना? आता मॉडवाल्याला लिहिते. तो करेपर्यंत थांबायचं. संध्याकाळी बाबांना समजावते."

तेवढ्यात दाताच्या डॉक्टरांचा फोन. एका गायिकेची कवळी तडकली होती आणि संध्याकाळी तिचा कार्यक्रम. ताई लॅबकडे पळाली, माझी शिकवणी होती, मीही निघाले. लॅपटॉप तसाच चालू राहिला.

आम्ही परत आलो तेव्हा बाबा त्यांच्या कॉम्प्युटरसमोर मान खाली घालून कामात गढलेले. सर्व्हर बंद आणि हे आत कसे? ताईनं पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. घरातल्या घरात चालू असलेला सर्व्हर गेमच्या यादीत आपोआप दिसतो. सेटिंगसकट नक्कल काढली, त्यामुळे तिचं नावही तेच. बाबांनी आपल्या गावाचं नाव पाहिलं, दाबलं, नवं व्हर्जन नव्याशी जुळलं आणि दार उघडलं. जबड्याजबड्यावर नाव लिहिणारी बाई या नकलेला वेगळं नाव द्यायला विसरली होती!

म्हणजे बाबांनी तो उजाड बाजार एकट्यानं पाहिला होता. मला गलबलून आलं. पण मग मी नीट पाहिलं.

बाजारात कमानी उभ्या होत्या. सगळ्या नाही, पण बऱ्याचशा. दगडावर दगड, प्रत्येक थर जरा पुढे सरकवलेला, पायऱ्यांचे तुकडे उलटे लावून आतून बाक दिलेला आणि माथ्यावर मधोमध एक दगड. जरा ओबडधोबड, पण डौल काय सांगू! आणि प्रत्येक कमानीखाली लाकडी फळ्यांचं सेंटरिंग, खऱ्या बांधकामात कमान बसेपर्यंत देतात तसं. गेममध्ये दगड अधांतरी राहतो, आधार लागतच नाही. तरी बाबांनी दिला होता.

ताई त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. "बाबा, ही नक्कल आहे हो. खरं गाव सुखरूप आहे. तुमच्या कमानी आहेत तशा आहेत. थोडे दिवस थांबा, सगळं जसंच्या तसं मिळेल."

तिला वाटलं, बाबांचा जीव भांड्यात पडेल. बाबा म्हणाले, "नको."

तिनं पुन्हा समजावलं. मॉड येईल, तयार कमानी परत येतील.

"नको! त... तयार नको." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट छातीवर. "माझ्या."

 ताई मूळ जिवापाड जपते, आणि इथे ज्याच्यासाठी जपलं तोच नको म्हणतोय. माझं मात्र डोकं फिरलं. "वा! म्हणजे माझं दीपगृह गेलं?" बाबांनी माझ्याकडे पाहून डावा हात वर केला आणि बोटं हलवली. बांधून देतो. ते पडणार म्हणून मान हलवणारे हेच बाबा बरं का!

"जाऊ दे गं," ताई हसली, डोळे पुसत. "कवळी बसली की नाही ते मी नाही सांगत कुणाला. ज्याचं तोंड, त्यानं सांगायचं."

तिनं आतेभावाला विचारलं, त्याची हरकत नव्हती. जुन्या गावाच्या डिस्कवर पेन्सिलीनं नाव लिहून ती पुन्हा कपाटात ठेवली. मग बाबांनी बांधलेल्या गावाचीही आधी नक्कल काढली.  नव्या व्हर्जनसह ते गाव चपलांच्या कपाटावरच्या कॉम्प्युटरवर चढवलं, गावभर फिरून सगळं तपासलं आणि निरोप पाठवला, या.

दरम्यान मी बाबांना म्हटलं, "फळ्या काढून टाकू का? बाजार कसा मोकळा दिसेल." बाबांनी माझा हात झटकून टाकला.

सुतारकाका आले. बाजारात शिरले आणि एकेका कमानीखाली थांबत पार टोकापर्यंत गेले. ताईनं बाबांचे हेडफोन काढून स्पीकर लावला होता. त्यावरून काकांचा आवाज आला, "सेंटरिंग माझ्यासाठी ठेवलंस होय रे?"

"हो," बाबा म्हणाले.

ते काम सुताराचं. बाबा कमान बांधणार आणि खालचं सेंटरिंग काका काढणार, असंच त्यांचं आयुष्यभर चालत आलेलं. हे आम्हा दोघींनाही तेव्हा कळलं. दार बंद असतानाही बाबा एकटे काम करत नव्हते.

काकांनी पहिल्या कमानीखालची फळी काढली, मग दुसरी, मग शेवटची. बाबांनी श्वास रोखून धरला होता. कमान उभी राहिली. गेममध्ये ती राहणारच होती, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, तरी बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ताईनं त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला. बाबांनी तो सोडवून घेतला. पुढची कमान अजून बांधायची होती.