ठमाबाईचा ग्लास

ठमाबाईसारखी हट्टी बाई खाडीकाठच्या साऱ्या मिठागरांवर शोधून सापडली नसती. मीठ ओढून हातांना घट्टे पडलेले, आणि जीभ त्या घट्ट्यांहून कडक. छातीत गाठ निघाली तेव्हा तिनं डॉक्टरलाच दम भरला होता, "काय कापायचा तो काप, पन माला घरी पाटव." डॉक्टरांनी कापलं, औषधं चढवली, केस गेले, पुन्हा आले. ती बरी झाली. गावात सगळे म्हणाले, ठमाबाई जिंकली.

पेणला रामवाडीत नूतनचा गणपतीचा कारखाना आहे. त्याच्या माळ्यावर, न रंगवलेल्या मूर्तींच्या शेजारी, दर महिन्याला एक बैठक भरते. कॅन्सरचे उपचार संपवून घरी आलेली माणसं तिथं जमतात. "बरी झालीस ना, मग आता काय रडतेस?" हे घरी ऐकून ऐकून कान किटलेली माणसं. नूतन स्वतः त्या आजारातून गेलेली, म्हणून तिनंच ही बैठक सुरू केली. खाडीकाठाहून ठमाबाई येते, रोह्याहून रंभा येते, कासूहून दाजी येतात. दाजींच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे ते घोगरं बोलतात, पण थट्टा करायची एक संधी सोडत नाहीत.

थट्टेचा विषय बहुतेक ठमाबाईच असायची. कारण ती चहाचा ग्लास घरून आणायची. पोह्यांची ताटलीही घरची. खाऊन झालं की दोन्ही स्वतः विसळून पिशवीत भरायची. बसायचीही दाराजवळ, एकटी.

"आमच्या हातचा चालत नाय काय गो तुला?" दाजी विचारायचे.

"नाय चालत," असं म्हणून ती विषय तोडायची. बाई सोवळ्याची आहे, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

एका रविवारी रंभा बैठकीला उशिरा आली. घामाघूम झालेली. समोर पाण्यानं भरलेला ग्लास दिसला, तो तिनं उचलला आणि तोंडाला लावला. ठमाबाई किंचाळली. धावत जाऊन तिनं तो ग्लास रंभाच्या हातून असा हिसकावला की पाणी शेजारच्या मूर्तीवर उडालं.

"थुक! थुक ता पानी! माजा ग्लास हाय तो. मरशील गो!"

रंभाच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ठमाबाई ग्लास छातीशी धरून उभी होती.

"ठमाबाई," नूतननं हळूच विचारलं, "तुझ्या ग्लासानं ती का मरेल?"

मग ते सगळं बाहेर आलं. औषधं चढायला लागली तेव्हा हॉस्पिटलात मुलाला, प्रणितला, सांगितलं होतं: हिची भांडी वेगळी ठेवा, तान्हं बाळ हिच्यापासून लांब ठेवा. घरात नात जन्मलेली, पिंकी. त्या सांगण्याचा अर्थ लावायला ठमाबाईला वेळ लागला नाही. लांब बसवतात ते कुणाला, हे तिला जन्मापासून ठाऊक. ज्याचा विटाळ असतो त्याला. तिनं पडवीत अंथरूण टाकलं, ताट-ग्लास वेगळे काढले. पिंकी रांगायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली. आजीनं तिला एकदाही उचललं नाही.

"अगो, ते तुझ्यासाठी होतं!" नूतनचा आवाज चिरकला. "औषधांनी तुझ्या अंगातली ताकद गेलेली. बाळाची सर्दी तुला लागू नये म्हणून लांब ठेवायला सांगितलं. कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही. शिवल्यानं लागत नाही. कधीच लागत नाही."

ऐकलेलं ठमाबाईच्या आत कुठं शिरतच नव्हतं.

"तपासायला जायचीस ना? मंग विचारलास नाय?" दाजींनी विचारलं.

"विचारला आन् जन्मभर लांबच बस म्हनले तर?" ती पुटपुटली.

रंभा खाली बसली. "सुतकाला पन तेरावा असतो गो. तुला तेरावा कोनी सांगितलाच नाय." आणि तोच ग्लास तिनं पुन्हा भरला आणि ठमाबाईच्या डोळ्यांदेखत घटाघट रिकामा केला. दाजींना त्या दिवशी थट्टा सुचली नाही.

ठमाबाई घरी पोचली तेव्हा सून प्रतिक्षा पिंकीला जेवायला वाढत होती. नूतन काय म्हणाली ते ठमाबाईनं उभ्या उभ्या सांगितलं. प्रतिक्षाच्या हातातला डाव तसाच राहिला.

"आमाला वाटला, जन्मभर लांब बसायचा असा डॉक्टरनं तुमालाच सांगितलाय," ती कशीबशी म्हणाली.

ठमाबाई पिंकीच्या चटईवर जाऊन बसली. पोरीनं घाईघाईनं आपलं ताट मागं ओढलं.

"आजी, लांब बस. तुला शिवायचा नाय. तुझा ताट तिकडं हाय."

हे तिला कुणी शिकवलं होतं? ठमाबाईनंच. रोज, दटावून, शहाण्या आजीसारखं. मिठागरावर कधी कुणापुढं न रडलेली बाई हमसून रडायला लागली.

पिंकी घाबरली. मग तिनं एक बोट पुढं केलं, आजीच्या ओल्या गालाला जरासं लावलं, आणि झटकन मागं घेऊन आईकडं पाहिलं, आता मार बसणार म्हणून.