आल्यावर लिहितो

"आल्यावर लिहितो, ताई." हत्यारांची पिशवी खांद्यावर सावरत, माझ्या टेबलावरच्या रजिस्टरकडे न बघता काका एवढंच म्हणायचे आणि गेटकडे चालू लागायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, नियम कळतो पण हात वळत नाही असा. आमचा देवासचा पंपांचा कारखाना. काका तिथे दुरुस्तीचे मिस्त्री. धार, सरदारपूर, मनावर, गंधवानी, ज्या गावी पंप बंद पडेल तिथे मोटारसायकलवर जायचे. बाहेरगावी निघताना रजिस्टरात वेळ, गाव आणि काम लिहायचं, म्हणजे वाटेत काही झालं तर ते कामावर असताना झालं असं धरतात आणि भरपाई मिळते. हे रजिस्टर माझ्या ताब्यात.

रजिस्टर हिंदीतलं. पहिला रकाना 'गए', दुसरा 'आए'. काका परत आले की दोन्ही एकदम भरायचे. "घरातून निघताना आपण 'जातो' म्हणतो का गं? 'येतो' म्हणतो. मग इथे आधीच 'गए' कशाला लिहू?"

मी खूप भांडले. "काका, माझी नोकरी घालवाल."

"काही होत नाही," म्हणत ते मांडूच्या इमलीचा, म्हणजे गोरखचिंचेचा, तुकडा माझ्या हातावर ठेवायचे. इमली मिळाली की माझा राग पळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. मॅनेजरसाहेबांनाही दर फेरीला एक पुडी पोचायची. अकरा वर्षं असंच चाललं.

त्या दिवशी सकाळी आठला ते मनावरला निघाले. "आल्यावर लिहितो, ताई." दुपारी धारच्या पोलीस ठाण्यातून फोन आला. घाटात ट्रकनं मागून उडवलं होतं, काका जागीच गेले होते. फोन ठेवून मी पहिलं काय केलं, तर रजिस्टर उघडलं. ओळ कोरी.

तेराव्यानंतर काकू भरपाईचा अर्ज घेऊन आल्या. साहेबांनी रजिस्टर चाळलं. "उस दिन तो वो ड्यूटी पर थे ही नहीं. धार में साला रहता है, वहीं जा रहे होंगे." मनावरला ज्याचा पंप बंद होता तो साक्ष द्यायला तयार होता, पण साहेबांचं एकच, कंपनी के कागज पर कहाँ लिखा है? हे बोलताना त्यांच्या तोंडात काकांनीच आणलेली इमली होती. इतका कोडगा माणूस मी जन्मात पाहिला नाही. काकू अर्ज उचलून उठल्या.

काकांसारखं अक्षर मला काढता येतं. पेन उघडलंही होतं, खोटं कशाला सांगू. पण मागची पानं उलटली आणि थांबले. प्रत्येक फेरीचे दोन्ही रकाने एकाच शाईत, तारीख परतीची. त्यांची सवय तिथेच लिहिलेली होती.

काकूंचा अर्ज लेबर ऑफिसात गेला, तेव्हा मी तिथे तीच पानं पुढे केली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आपने ऐसे लिखने दिया?"

"दिया, साब. गलती मेरी है." आमचे मॅनेजरसाहेबही तिथेच होते, माझ्याकडे रोखून बघत होते. नोकरी गेली असंच मी धरून चालले.

"तो लिखकर दीजिए. कब गए, किस काम से."

त्या कागदावर काकूंना भरपाई मंजूर झाली आणि माझी नोकरीही राहिली, हे आधीच सांगून टाकते.

कागद पुढे ओढून मी पेन उघडलं. त्यांनी निघताना कधी लिहिलं नाही, ते मला लिहायचं होतं. मग लिहिलं. सुबह आठ बजे, मनावर, पंप के काम से गए.

काकू शेजारी बसल्या होत्या. वाकून त्यांनी ती ओळ वाचली, दोनदा वाचली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बोलल्या.

"आणि आले कधी, ते? दोन्ही एकदम लिहायचे ना गं ते."