शबानाच्या नावापुढचा शेरा

असल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांपैकी मी. कॉम्प्युटरचा माणूस, बिघाड दिसला की आधी वायर तपासणार... तरी हे लिहितोय.

मलकापूरजवळच्या एका कॉलेजात मी सिस्टीम सांभाळतो. प्रवेशाची माहिती असते ते सॉफ्टवेअर आणि मुलं ज्यावर शिकतात, परीक्षा देतात ते पोर्टल — दोन्ही जोडायचं काम माझ्याकडे आलं. नाव, वर्ग, विषय इकडून तिकडे आपोआप जाणार. सगळ्यांचं नीट गेलं. फक्त उंब्रजच्या शबाना मुलाणीच्या नावापुढे शेरा आला — मयत. खातं बंद.

दुसऱ्या दिवशी पोरगी माझ्या टेबलासमोर हजर.

"सर, मी जित्ती हाय की."

दोघंही हसलो. मी शेरा काढला. पुढच्या वेळी माहिती इकडून तिकडे गेली, तसा तो परत आला. मग पोर्टल बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला इंजिनिअर म्हणाला, "सर, आमच्याकडे 'नियमित' आणि 'रद्द' एवढंच आहे. मयत असा पर्यायच नाही." प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्येही नव्हता. मी स्वतः शोधला.

वर्गातली पोरं तिला 'मयत' म्हणूनच हाक मारायला लागली. एक सर हजेरीत मुद्दाम तिचं नाव गाळायचे, वर्ग खिदळायचा. आधी तीही हसायची. नंतर शेवटच्या बाकावर एकटी बसू लागली.

अंतर्गत परीक्षा घरूनच, पोर्टलवर द्यायची होती. तिचं खातं उघडेना. परीक्षा विभागानं निरोप धाडला — कॉलेजात येऊन कागदावर लिही, नाहीतर नापास. तिचे वडील शिलाईचं दुकान बंद ठेवून तिला मोटारसायकलवर घेऊन निघाले. हायवेवर मागून ट्रकनं उडवलं. वडिलांचा पाय मोडला. शबाना जागीच गेली.

पुढे ते कुबडी टेकत तिचे दाखले न्यायला आले. माझ्यासमोर बसले आणि स्क्रीनकडे बोट केलं.

"पोरगी घरी सांगायची, सायेब. तुमच्या मशीनला आदीच ठावं हुतं. मग तुमी तिला बोलवलं कशाला?"

"चाचा, ती तांत्रिक चूक होती."

"चूक कुटं हुती?"

ते गेल्यावर आम्ही दोन्ही सॉफ्टवेअर पुन्हा उसवून पाहिली. तो शब्द कुठेच नाही... कुठून आला असेल, तुम्हाला सुचलं तर सांगा. मला अजून सुचलेलं नाही.