पाहुण्यांची लाईन

हे आजवर कोणाजवळ बोललो नाही. लेकीजवळ नाही, जावयाजवळ नाही. जिच्याजवळ बोलायला पाहिजे होतं ती गेली — आता तुम्हीच ऐका. ऐकून मनात शिवी द्याल. द्या.

गोष्ट वायफायची आहे. हसू नका. चौथी शिकलेला म्हातारा अन वायफाय — मलाही तो डबा भिंतीवर पाहून हसूच आलं होतं. जावयानं डबा बसवला, अन मधल्या खोलीत वच्छलाच्या खाटेसमोर एक कॅमेरा. वच्छला माझी बायको. तिला कॅन्सर होता. औषधानं डोक्यावरचे सगळे केस गेले होते. लेक नाशिकला, तिला तिथून माय दिसावी म्हणून हा खटाटोप. माणसं आली की वच्छला पदर कपाळापर्यंत ओढायची. एकटी असली की सोडायची. कॅमेऱ्यात लेकच तर आहे, म्हणायची.

जावयानं एकाच डब्यातून दोन लाईनी काढून दिल्या. "मामा, घरची लाईन कोणालेच देऊ नका, तिच्यावर कॅमेरा हाय. आल्यागेल्याले पाहुण्यांची द्या. तिच्यावरून घरातलं काही दिसत नाही." कॅमेऱ्याचा नंबर एक-दोन-तीन-चार होता, तोही बदला म्हणाला. मी बदलला नाही. लक्षात राहत नाही म्हणून — नाही, हेही खोटं. जावयानं सांगितलं ते करायचं म्हणजे मला कमीपणा वाटायचा.

पाहुण्यांच्या लाईनीचा पासवर्ड वच्छलानं सांगितला — चहाघेऊनजा. कोणी मागितला की ती हसून म्हणायची, चहा घेऊन जा. येणाऱ्याला कळायचंच नाही की हाच पासवर्ड आहे.

आमच्या घरात पूर्वी फळीवर एक वेगळी कपबशी असायची. परजातीचा कोणी आला तर त्याच्यासाठी. माझी माय वारली अन वच्छलानं ती फोडून टाकली, मला न विचारता. जावयानं दोन लाईनी केल्या तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? बरं झालं, ती कपबशी परत आली.

मागच्या गल्लीत रफीक टेलर. त्याची पोर नसरीन नर्सिंगचं शिकत होती. आमच्या ओट्यावर बसून पाहुण्यांच्या लाईनीवर अभ्यास करायची, अन झाला की वच्छलाजवळ बसायची. बापाच्या दुकानातल्या मऊ कापडाची टोपी तिनं वच्छलाला शिवून दिली. आपल्या हातानं डोक्यावर बसवली. ते मला आवडलं का? नाही. मी ओट्यावरची तिची जागा बोटानं दाखवायचो.

मग एक जाकीटवाला आला. कपाशीचं बियाणं विकायचा — चोरबीटी. बिनबिलाचं, बिनपरवान्याचं, तणनाशक मारलं की तण मरतं अन कपाशी उभी राहते, असलं. आपल्या जातीचा, गोड बोलणारा. खुर्चीवर बसला अन वायफाय मागितलं. आता एवढ्या माणसाला टेलरच्या पोरीच्या लाईनीवर बसवायचं? मी घरची लाईन दिली. "दादा, कॅमेरा बी हाय का? लय पुढं गेले तुमी." मी फुगलो. कॅमेऱ्याचा नंबरही दिला — पाहा म्हटलं, कसा दिसतो ते. त्याच्या महागाच्या मोबाईलात त्यानं तो जोडून घेतला. माझ्यासमोर. माझ्या चहाचा घोट घेत.

आतून वच्छला म्हणाली, "चोर बियाणं इकणाऱ्याले घरात बसवता अन पोरीले ओट्यावर, काऊन हो?"

मी म्हटलं, तू गप पड.

त्याच्याकडून घेऊन पेरलेल्या त्या बियाण्याचं काय व्हायचं ते झालं. पाती गळाली, जी चार बोंडं धरली ती गुलाबी अळीनं पोखरली. लोणारच्या स्टँडवर मी त्याला चार लोकांत चोट्टा म्हटलं. त्यानंतर चारच दिवसांत गावाच्या मोबाईल ग्रुपवर कोण्या अनोळखी नंबरावरून एक फोटो आला. खाटेवर वच्छला, डोकं उघडं. खाली लिहिलेलं — इथं बी बोंडअळी फिरली.

लोक हसले. गाव कसं असतं, तुम्हाला माहीत आहे. सकाळी तिच्या तब्येतीचं विचारायचं अन दुपारी तिचा फोटो पुढं ढकलायचा. पण त्यांच्यावर काय थुंकू? दार मी उघडलं होतं.

जावयाचा फोन आला. "मामा, घरची लाईन कोणाले देली?"

मी म्हटलं, "टेलरच्या पोरीनं घेतली, मले न इचारता."

इतकं सोपं. जीभ अडली नाही. तिचंच नाव काऊन आलं तोंडात? ती समोर होती म्हणून? नाही. तिचं नाव घेतलं की लोक लगेच विश्वास ठेवतील, हे मला ठाऊक होतं म्हणून.

रफीककडे मीच गेलो. पोरीला आमच्या ओट्यावर पाठवू नका, तिनं काय केलं तिलाच विचारा, म्हटलं. त्यानं मशीन थांबवली. पायडलावरचा पाय तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिला.

वच्छला म्हणाली, "तिचा मोबाईल फुटक्या काचीचा, धड चालत नाही. ती कायची करते असं?"

मी म्हटलं, तिनं कबूल केलं.

त्यावर ती लई वेळ टोपीची कड चाचपत राहिली. मग म्हणाली, "लेकरू हाय. चुकलं असन. बोलवा तिले, मी काही म्हणत नाही."

मी बाहेर गेलो. पिंपळाच्या पारावर बसलो, तंबाखू मळली, खाल्ली, अन परत आलो. नसरीन आली असती तर दोन वाक्यांत माझं पितळ उघडं पडलं असतं.

"येत नाही म्हणते," मी म्हटलं.

असं तीनदा झालं. तीनदा तिनं बोलवा म्हटलं, तीनदा मी पारावर जाऊन आलो. चौथ्यांदा तिनं म्हटलं नाही. टोपी काढून उशीखाली ठेवली.

वच्छला गेली ती पोरीला माफ करून गेली, अन पोरगी आपल्याला विसरली असं समजून गेली. नसरीन विसरली नव्हती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं.