निलम्माच्या पिवळ्या गोळ्या

खजुरीत लग्न ठरलं की आधी निरोप जातो तो निलम्माला, मग आचाऱ्याला. बांगड्या भरायला तीच हवी. नवरीचा हात कितीही जाड असो, निलम्मा तो असा दाबून, मुडपून चुड्यात सरकवते की पोरीला कळतही नाही. पण संधिवातानं ही बोटं पार आवळून टाकली. सकाळी मूठ उघडता उघडत नसे. निलम्मा घरी बसली आणि ज्याच्या त्याच्यावर खेकसत राहिली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या दिल्या, तेव्हा कुठं हात मोकळे झाले. निलम्मा पुन्हा मांडवात दिसू लागली. गोळ्यांची पाकिटं तिनं जिवापाड जपली.

साखरेचे डॉक्टर मात्र वेगळे, आळंदचे गुरुराज. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का, असं ते दर खेपेला विचारायचे आणि ही खुशाल "न्हाई" म्हणायची. एकाची गोळी दुसरा बंद करतो, हे तिनं शेजारणीच्या बाबतीत पाहिलं होतं. हात पुन्हा आवळले तर जगून करायचं काय?

तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी झकास आली. निलम्मानं तो कागद गल्लीभर मिरवला. पण तहान काही भागेना, पायाच्या करंगळीची जखम भरेना. सून मल्लेश्वरीनं घरच्या यंत्रावर साखर पाहिली, तर आकडा तीनशेच्या वर.

"यंत्र बिघडलंय. कागद बघ की, लॅबचा हाय."

"जखम कागदाला झाली न्हाई अत्या, तुम्हाला झालीया," म्हणत सुनेनं रिक्षा बोलावली.

गुरुराजांनी पुन्हा रक्त तपासलं. साखर घरच्या यंत्रानं दाखवली तेवढीच. करंगळी काळी पडलेली.

"अक्का, कागद चांगला अन् साखर एवढी, हे जुळत न्हाई. रक्तात गडबड करणारं कायतरी तुम्ही खायलात. खरं सांगा."

निलम्मानं एकदा पायाकडं पाहिलं, एकदा हातांकडं. मग पिशवीतून पाकीट काढलं, पण हातातून सोडलं नाही.

"ह्या बंद करायच्या न्हाईत. कुणी सांगितलं तरी मी ऐकणार न्हाई!"

त्यांनी तिच्या हातातलंच पाकीट वाचलं, सोलापूरला फोन लावला, मग समजावून सांगितलं. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटते आणि ती तपासणी तेवढंच मोजते. या गोळ्यांनी काहींच्या पेशी लवकर मरतात. नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून कागदावर ती कमी दिसते.

"आता साखर बोट टोचूनच बघायची. इन्शुलिन सुरू करू. सोलापूरचे ही गोळी कमी करतील, लागली तर दुसरी देतील. हात आवळू देणार न्हाईत. आधी बोलला असता तरी हेच केलं असतं, अक्का."

म्हणजे लपवायचं काही कारणच नव्हतं. करंगळी काढावी लागली तेव्हा निलम्मा ढसाढसा रडली, ती स्वतःच्याच मूर्खपणावर चिडून.

जखम भरली तशी ती मांडवात हजर. नवरीच्या मावशीला बांगड्या भरताना मावशी हळूच म्हणाली, "गुडघ्याच्या गोळ्या खायलेय मी. साखरेच्या डॉक्टरला न्हाई सांगत. कामून उगं बंद करून घ्यायच्या?"

निलम्मानं बांगडी अर्ध्यावरच थांबवली. मावशीचा हात तिच्या मुठीत तसाच धरलेला.

"उद्या जाऊन सांगती म्हण," ती म्हणाली, "तवर सोडत न्हाई." आणि लुगडं वर करून तिनं पाय पुढं केला.