कोंबड्याचा स्वेटर

माझे मिस्टर फौजेतून रिटायर होऊन पाटणला घरी आले आणि त्यांना करमेना. उसाला रोज उठून ऑर्डर तरी काय देणार? मग एकदा सांगलीला गेले ते बँटम कोंबड्यांची टोपली घेऊनच परतले. पारव्यापेक्षा थोड्या मोठ्या तीन कोंबड्या आणि पायांवरही पिसं असलेला एक ऐटबाज कोंबडा.

सासूबाई म्हणाल्या, "ही कोंबडी हाय का खेळणं? रश्श्यात घातली तर सापडायची न्हाई."

"आई, ह्या पाळायच्या हायत."

त्या हिवाळ्यात थंडी लय पडली. कोयनेकडचं धुकं उन्हं वर आली तरी अंगणातून हलायचं नाही. कोंबड्या पिसं फुगवून, एक पाय पोटाशी घेऊन उभ्या असायच्या. मिस्टरांचा जीव खालीवर व्हायला लागला. बर्फात ड्युटी केलेला माणूस. थंडीचा बंदोबस्त आपल्यालाच कळतो असं त्यांचं म्हणणं. त्यांनी खुराडं चहूबाजूंनी प्लॅस्टिकनं बंद केलं. सकाळी उघडलं तर आतून पाणी ठिबकत होतं आणि कोंबड्या शिंकत होत्या.

मग त्यांनी जुना फौजी लोकरी मोजा कापला, पंखांसाठी भोकं पाडली आणि कोंबड्याला चढवायला घेतला.

"आवं, त्याला पिसं हायत की!"

"तू गप धर त्याला."

हिरव्या मोज्यातला कोंबडा अंगणात उतरला, दोन पावलं चालला आणि कोलमडला. कोंबड्यांनी त्याला ओळखलंच नाही. तिघी मिळून तुटून पडल्या. तो सुटला तो थेट उसात. मागे मिस्टर, त्यांच्यामागे मी.

बांधावरून शेजारचे म्हातारे आबा ओरडले, "काय घुसलं रं? बिबट्या?"

"न्हाई आबा, कोंबडा!"

"मग येईल की परत."

"स्वेटर घालून गेलाय!"

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

कोंबडा पाचटात अडकलेला सापडला. सासूबाईंनी कात्रीनं मोजा सोडवला आणि लेकाला सुनावलं, "वाऱ्याच्या बाजूला पोतं बांध, वर फट ऱ्हाऊ दे, खाली कोरडं तूस टाक. सांजच्याला मका घाल. आन् त्याला कापडं शिवू नगंस."

तसं केल्यावर शिंका थांबल्या. चौघंही दांडीवर अंगाला अंग लावून बसायला लागली. थंडी सरता सरता अंडीही आली, लिंबाएवढी. एका ऑम्लेटला चार लागतात म्हणून सासूबाई कुरकुरतात, पण गोळा करायला दुसऱ्या कोणाला जाऊ देत नाहीत.