ठहरो मॅडम

पडद्यावर काही चमकलं की इतर डॉक्टर पुढे झुकायचे, आमच्या मॅडम खुर्ची मागे सरकवायच्या आणि म्हणायच्या, “ठहरो.” राइट टाउनच्या त्या सोनोग्राफी सेंटरमध्ये सगळे त्यांना मागून ‘ठहरो मॅडम’च म्हणत. मी त्यांच्या हाताखाली नवी डॉक्टर होते.

रक्तवाहिनी नीट दिसावी म्हणून आम्ही शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं इंजेक्शन देत असू. रक्तात ते पांढरे चमकतात. पण फार दाटले, की रक्तवाहिनीच्या पलीकडच्या भिंतीवरही खोटी चमक उमटते. ती घालवण्यात मॅडमचा सारा जीव. औषध कमी करायच्या, ध्वनिलहरींचा जोर उतरवायच्या, पेशंटची मान वळवून दुसऱ्या बाजूने बघायच्या. मी उतावीळ झाले की म्हणायच्या, “काहून घाई करून राहिली? पेशंट कुठे पळून चालला?”

एका दुपारी घमापुरहून त्यांचे थोरले भाऊच पेशंट म्हणून आले. सकाळी बोलताना त्यांची जीभ अडखळली होती, घटकाभर उजवा हात उचलेना. मानेतल्या डाव्या धमनीत चरबीचा थर सापडला. त्या थरात बुडबुडे शिरलेले दिसले, तर तो कच्चा. तुकडा सुटून मेंदूत जायची भीती. म्हणजे ऑपरेशन. आणि दादांचं हृदय आधीच कमजोर.

पहिल्या इंजेक्शनला थर लख्ख उजळला. नागपूरचे सर्जन फोनवर खोळंबले होते. मॅडमनी बुडबुडे विरू दिले. मग निम्मं औषध, उतरवलेला जोर, मानेच्या मागून. चमक विझत गेली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला.

“तू सांग. मी बहीण आहे, मला हवं तेच दिसेल.”

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. सगळा थर काळा झाला होता. फक्त मधोमध एक ठिपका उजळत होता, पुढे सरकत होता.

“मॅडम... हा खरा आहे.”

त्यांनी निरखून पाहिलं. “हो. लिही.” आणि भावाच्या मानेवरचं जेल पुसू लागल्या. “चलो दादा, नागपूरला जायचं आहे.”

ऑपरेशनमध्ये थर आतून रक्ताळलेला निघाला. दादा बचावले.

पुढे काही वर्षांनी मॅडमच आधी गेल्या. ग्वारीघाटाच्या स्मशानात दादा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“त्या दिवशी तिच्यासमोर सांगाले भेव नाही वाटलं तुले?”

“खूप वाटलं.”

“तिलेही वाटलं होतं. घरी येऊन लय रडली. मग डोळे पुसून म्हणे, पोरगी तयार झाली.”